दुरुस्ती कीं समाधान ?

जुन्या मोटारीचें इंजिन रस्त्यावर धांवत असतांना सहसा कुरकुर करीत नाहीं. त्याची खोड उघडी पडते ती गाडी उभी राहिल्यावर. रेल्वेच्या फाटकापाशीं, चौकांत, किंवा दारांत कोणाची वाट पाहात असतां पाय ॲक्सिलरेटरवरून निघाला कीं तें थरथरूं लागतें. एक ठोका चुकतो, दोन पडतात, पुन्हां एक चुकतो. दारें खडखडतात, आंत बसलेल्या मंडळींचें बोलणें कांपऱ्या आवाजांत होऊं लागतें, आणि अखेर एक आचका देऊन इंजिन बंद पडतें. आमच्या खानदेशांतील मिस्त्री लोक याला 'गाडी मिसिंग करते' किंवा 'स्लो धरत नाहीं' असें म्हणतात. हा दोष घालविण्याचे दोन मार्ग आहेत. पहिला असा कीं, हवा आणि पेट्रोल यांचें मिश्रण कां बिघडलें याचा शोध करावा; हवा नको तेथून शिरत असेल तर ती वाट बुजवावी, जेट तुंबला असेल तर तो साफ करावा, आणि मग मिश्रणाचा स्क्रू कानानें ऐकत बेताबेतानें लावावा. दुसरा मार्ग याहून पुष्कळ सोपा आहे. कार्ब्युरेटरच्या बगलेंत आणखी एक स्क्रू असतो, त्याला स्लोचा स्क्रू म्हणतात. तो अर्धा फेरा आंवळला कीं इंजिन उभ्या जागीं थोडें अधिक वेगानें फिरूं लागतें, आणि त्या वेगांत थरथर बुडून जाते. मालक संतुष्ट होतो, पैसे देतो आणि जातो. दोष मात्र होता तेथेंच राहतो.

या दुसऱ्या स्क्रूविषयींच मला येथें लिहावयाचें आहे. यंत्रशास्त्र हा माझा विषय नव्हे. माझीं वर्षें महाविद्यालयांत तत्त्वज्ञान शिकविण्यांत गेलीं. परंतु घरीं एक जुनी प्रीमियर पद्मिनी असल्यामुळें या स्क्रूचा व माझा परिचय पुष्कळ दिवसांचा आहे, आणि तो जसजसा वाढला तसतसें मला वाटूं लागलें कीं, नीतिशास्त्राचे ग्रंथ ज्या प्रश्नापायीं अनेक पानें खर्ची घालतात तोच प्रश्न हा स्क्रू अर्ध्या फेऱ्यांत मांडतो. मालकानें मागितलें तें त्याला मिळालें. 'थरथर घालवा' असें तो म्हणाला, आणि थरथर गेली. मिस्त्र्याच्या तोंडून एकहि असत्य शब्द निघालेला नाहीं. मग येथें फसवणूक झाली कीं नाहीं, आणि झाली असेल तर ती कोणी कोणाची केली ?

निवाड्यापूर्वीं यंत्राचें म्हणणें ऐकून घेतलें पाहिजे. पेट्रोल एकटें जळत नाहीं. त्याला हवेची जोड लागते, आणि एक भार पेट्रोलास सुमारें १४.७ भार हवा मिळाली म्हणजे दोहोंपैकीं कोणीच मागें उरत नाहीं, असें रसायनशास्त्र सांगतें. ही जोड लावून देण्याचें काम कार्ब्युरेटरचें. नळीचा गळा अरुंद केला कीं तेथून जाणाऱ्या प्रवाहाचा वेग वाढतो व दाब उतरतो, हें तत्त्व ज्याच्या नांवानें ओळखलें जातें त्या इटालियन पदार्थविज्ञानवेत्त्या व्हेंतुरीनें आपले प्रयोग १७९७ सालीं प्रसिद्ध केले. त्या वेळीं मोटारीचें स्वप्नहि कोणाला पडलेलें नव्हतें. पुढें शंभर वर्षांनीं याच उतरलेल्या दाबाचा उपयोग करून, हवेनें स्वतः जातां जातां पेट्रोलाचे तुषार ओढून न्यावेत, अशी योजना झाली. वालचंद हिराचंद यांनीं १९४४ सालीं स्थापिलेल्या प्रीमियर कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यांतून बाहेर पडलेल्या फियाट, आणि १९७४ पासून त्याच गाडीला मिळालेलें 'पद्मिनी' हें नांव धारण करणाऱ्या हजारों मोटारी, या सर्वांचा श्वास अशा एका सोलेक्स कार्ब्युरेटरांतून चालत असे. चार सिलिंडरांचें, १०८९ घनसेंटिमीटरांचें तें इंजिन. त्यांत ना संगणक, ना संवेदक. जें कांहीं शहाणपण होतें तें नळ्यांच्या व्यासांत आणि दोन स्क्रूंच्या फेऱ्यांत सांठविलेलें होतें.

आतां मंदगतींतच हें इंजिन कां अडखळतें ? पाय काढल्यावर नळींतील झडप जवळजवळ मिटते. झडपेच्या खालीं इंजिन जोरानें हवा ओढीत असतें आणि वरून तिला अगदीं थोडी वाट असते. अशा वेळीं कार्ब्युरेटरचें बूड आणि त्याखालचा नळा यांच्या सांध्यांत केसाएवढी फट असली, तरी तिच्यांतून शिरणारी चोरटी हवा एकंदर हवेच्या मानानें मोठी ठरते, आणि मिश्रण पातळ होऊन ठोके चुकूं लागतात. तीच गाडी रस्त्यावर धांवूं लागली कीं झडप उघडते, राजमार्गानें एवढी हवा आंत येते कीं चोरवाटेच्या हवेचा हिशेबच राहात नाहीं. फट मोठी झाली नाहीं कीं लहान झाली नाहीं. तिचें प्रमाण तेवढें बदललें. स्लोचा स्क्रू आंवळणें म्हणजे उभ्या गाडीला थोडेंसें धांवत्या गाडीचें सोंग देणें होय. शिवाय त्यांत आणखी एक मेख आहे. झडप जरा अधिक उघडी राहिली कीं तिच्या कडेशीं असलेलीं, मंदगतींतून वेगांत जातांना क्षणभर उपयोगी पडावीं म्हणून ठेवलेलीं बारीक छिद्रें उघडीं पडतात, आणि त्यांतून जादा पेट्रोल वाहूं लागतें. चोरट्या हवेची भरपाई अशी उधळपट्टीनें होते. परिणाम मागाहून दिसतात: पेट्रोल अधिक लागतें, पहिला गिअर टाकतांना दांते करकरतात, आणि किल्ली बंद केल्यावरहि इंजिन दोनचार गचके देत फिरत राहतें. पण तोंवर मालक गांव सोडून गेलेला असतो आणि या नव्या तक्रारींचा त्या जुन्या समाधानाशीं संबंध जोडण्याचें त्याला सुचत नाहीं.

येथें कोणी म्हणेल कीं, योग्य मिश्रणाचा आंकडा जर ठाऊक आहे तर तो तपासून घ्यावा, म्हणजे मिस्त्र्याच्या प्रामाणिकपणावर विसंबण्याचें कारण नाहीं. दुर्दैवानें गोष्ट इतकी सोपी नाहीं. ॲरिस्टॉटलनें सद्गुण हा दोन टोंकांमधील मध्य आहे असें सांगितलें आणि हा मध्य अंकगणिताचा नव्हे असेंहि लगेच बजावलें. दहा मापें अन्न फार आणि दोन थोडें, म्हणून सर्वांच्या पानांत सहा मापें वाढणारा तालमींतला वस्ताद शहाणा नव्हे; मायलो मल्लाला तेवढ्यानें कांहींच होणार नाहीं आणि नवशिक्याला तें जड जाईल. पेट्रोलचे १४.७ हे असेच सहा मापांसारखे आहेत. पुरी शक्ति हवी तर मिश्रण तेरा किंवा त्याहूनहि थोडें खालीं न्यावें लागतें. काटकसर हवी तर पंधरासोळांपर्यंत पातळ चालतें. हिवाळ्याच्या पहांटे थंड इंजिनाला चोक ओढून त्याहून कितीतरी दाट घांस भरवावा लागतो. आणि मे महिन्यांत आमच्याकडे पारा ४५ अंशांच्या आसपास गेला कीं हवाच विरळ होऊन तेंच मिश्रण आपोआप दाट होतें. शहाद्याहून तोरणमाळास जाणाऱ्याला हा अनुभव एका दिवसांत येतो. खालीं तापीच्या कांठीं नीट लावलेली गाडी सातपुड्यावर सुमारें ११०० मीटर चढून गेल्यावर गुदमरल्यासारखी करते, आणि उतरून आली कीं स्क्रूला हात न लावतां शहाणी होते. तेव्हां योग्य प्रमाण हें एखाद्या तक्त्यावर एकदां लिहून ठेवण्यासारखें नसतें. तें त्या त्या जागीं, त्या त्या ऋतूंत, कानानें शोधावें लागतें. ज्याचा कान तयार नाहीं त्याला दुसऱ्याच्या कानावर विश्वास टाकण्यावांचून गत्यंतर नाहीं, आणि म्हणूनच हा प्रश्न यंत्राचा राहात नाहीं.

या विषयावर मला अधिक विचार करावयास लावलें तें प्रकाशा येथील एका मिस्त्र्यानें. नंदुरबारहून शहाद्याकडे जातांना तापीचा पूल ओलांडल्यावर लागणारें हें गांव तापी व गोमाई यांच्या संगमावर वसलेलें असून दक्षिण काशी म्हणून त्याची ख्याति आहे. केदारेश्वराच्या दर्शनाला आणि संगमावरील स्नानाला वर्षभर माणसें येतात, अस्थिविसर्जनासाठीं दूरचीं कुटुंबें येतात, आणि बारा वर्षांनीं सिंहस्थांत तर गांव यात्रेकरूंनीं फुलून जातें. पण प्रकाशाची एक ओळख याहूनहि जुनी आहे. १९५५ सालीं बी. के. थापर यांनीं येथील पांढरीच्या टेकाडाचें उत्खनन केलें, तेव्हां ताम्रपाषाणयुगापासून एकावर एक बसत गेलेले वस्तीचे थर उघडे झाले. त्या थरांत जीं खापरें निघालीं त्यांत पुराणवस्तुशास्त्रज्ञ ज्यांना काळींतांबडीं म्हणतात तींहि आहेत. तसलें भांडें भाजतांना ज्या भागाला हवा भरपूर मिळते तो तांबडा होतो, ज्याला ती मिळत नाहीं तो काळा पडतो. कुंभारानें हवा कोठें द्यावयाची आणि कोठें अडवावयाची याचा अंदाज बांधूनच भट्टी रचलेली असते. म्हणजे विस्तव व हवा यांच्या मिश्रणाचें ज्ञान या कांठावर अडीचतीन हजार वर्षांपूर्वीं नांदत होतें, आणि त्याची साक्ष रंगांत उमटलेली आहे. आमचा मिस्त्रीहि रंगच वाचतो. तो आधीं प्लग काढून त्याचें टोंक उन्हांत धरतो: काजळीनें काळें असेल तर पेट्रोल जास्त, पांढरें फटक असेल तर हवा जास्त, फिकट तपकिरी असेल तर ठीक. २००० सालीं शिशाचें पेट्रोल देशांतून गेल्यापासून तो तपकिरी रंग पूर्वीइतका खुलत नाहीं, अशी त्याची एक बारीकशी तक्रार आहे.

हा मिस्त्री तरुणपणीं मुंबईस टॅक्सींवर हात बसवून गांवीं परत आला. ज्या पद्मिनी टॅक्सींवर तो शिकला त्यांतील शेवटची २००३ च्या ऑक्टोबरांत नोंदली गेली होती, आणि वीस वर्षांची मुदत संपून २०२३ च्या ऑक्टोबरअखेर मुंबईच्या रस्त्यावरून ती जातहि नाहींशी झाली. आतां त्याच्या कडुनिंबाखालीं येतात त्या बहुतेक मोटारसायकली आणि ट्रॅक्टर. माझी गाडी पाहिल्यावर त्यानें प्रथम स्क्रूला हात लावला नाहीं. इंजिन चालूं ठेवून त्यानें कार्ब्युरेटरच्या बुडाभोंवतीं साबणाचें पाणी थेंबथेंब सोडलें. एका कोपऱ्यावर पाणी पडतांच इंजिनाचा सूर बदलला, कारण फटींतून हवेऐवजीं क्षणभर पाणी ओढलें गेलें. "येथून ओढते," तो म्हणाला. मग कार्ब्युरेटर उतरवून त्यानें त्याचें बूड कांचेच्या तुकड्यावर ठेवलें. तें दोन कानांशीं वर उचललेलें दिसलें. "सर, नट ढिला राहिला तर हवा ओढते हें सगळ्यांना ठाऊक आहे. जास्त आंवळला तरी ओढते. बूड वांकतें. मग पुढचा माणूस म्हणतो, हवा ओढते, आणखी आंवळा." कांचेवर पॉलिश पेपर पसरून तें बूड सपाट होईपर्यंत तो घासत बसला, नंतर जाड कागदाची नवी गॅस्केट हातानें कापून बसविली. या सर्वाला अर्धा दिवस लागला. स्क्रू लावण्याला पांच मिनिटेंहि लागलीं नाहींत.

त्या अर्ध्या दिवसांत मीं त्याला सरळच विचारलें, "मिस्त्री, नुसता स्लो वाढवून तुम्ही कधीं गाडी देतां कीं नाहीं ?"

"देतों ना," तो म्हणाला. "सांगून देतों."

आणि त्यानें एक उदाहरण दिलें. अस्थिविसर्जन करून परत निघालेलें एक कुटुंब सायंकाळीं त्याच्यापुढें येऊन थांबलें होतें. गाडी दर थांब्यावर बंद पडत होती. बरोबर एक वृद्ध बाई, दोन मुलें, आणि घर गुजरातेंत. बूड घासण्याइतका दिवस उरला नव्हता. त्यानें स्लो वाढवून दिला आणि सांगितलें, "काका, गाडी घरापर्यंत जाईल. पण ती दुरुस्त झालेली नाहीं. उद्यां तिकडे कोणाला तरी कार्ब्युरेटरचें बूड बघायला सांगा."

माझ्या मतें या उत्तरांत प्रश्नाचा बराचसा निकाल लागतो. तोच स्क्रू, तोच अर्धा फेरा. एका वाक्यासह तो फिरविला तर ती मदत होते, त्या वाक्यावांचून फिरविला तर तेंच कपट होतें. नीतीचा विचार करणारे लोक पुष्कळदां कृत्यें चांगलीं व वाईट अशीं दोन कप्प्यांत लावूं पाहतात, आणि लोखंडाच्या स्क्रूला कोणत्या कप्प्यांत टाकावें हें त्यांना कळत नाहीं. दुखणें दाबून टाकणारें औषध जसें स्वतः पापी नसतें, तसा हा स्क्रूहि नाहीं. प्रवासांत, रात्रीच्या वेळीं, पैसा जवळ नसतांना, दोष तात्पुरता दाबणें हाच खरा धर्म असूं शकतो. पाप शिरतें तें दाबलेला दोष गेलेला म्हणून खपविण्यांत, आणि तें खपविण्यासाठीं तोंड उघडण्याचीहि गरज पडत नाहीं. इंजिनाचा एकसारखा आवाजच मालकाला सांगतो कीं सर्व ठीक आहे. मिस्त्र्यानें नुसतें हात पुसत उभें राहावयाचें.

मौनानें असत्य बोलतां येतें, हा शोध आपल्याकडे नवा नाहीं. अश्वत्थामा मेला हें युधिष्ठिराचें वाक्य अक्षरशः खरें होतें. जें उत्तरपद त्याला निरपराध ठरविणार होतें तें कथेकऱ्यांच्या परंपरेप्रमाणें शंखाच्या घोषांत बुडालें. स्लो वाढविणारा आणि गप्प राहणारा मिस्त्री मला त्या शंखाची आठवण करून देतो. तो खोटें बोलत नाहीं, खरें ऐकूं येऊं नये इतकाच आवाज वाढवितो. युधिष्ठिराचा रथ त्यानंतर भुईला टेकला असें व्यासांनीं सांगितलें आहे. पण त्या रणांगणावर ज्यांना तो शंख हवाच होता त्यांची संख्या मोठी होती, ही गोष्ट आपण कथा सांगतांना जरा घाईनें ओलांडतों.

कारण या कपटांत मालकाचा हात किती, हा प्रश्न उरतोच. प्लेटोच्या 'गॉर्जियस' या संवादांत सॉक्रेटिसानें वैद्यक आणि पाककला यांत भेद केला आहे. वैद्यक शरीराचें हित कशांत आहे तें जाणून वागतें. पाककला, तिला कला म्हणण्यासहि तो तयार नाहीं, फक्त रुचेल तें पुढें करते. आणि मुलांपुढें दोघांचा सामना झाला तर वैद्य उपाशी मरेल असें तो म्हणतो. (आमच्या घरांतील मंडळींना हा पाककलेवरील अन्याय मुळींच मान्य नाहीं, आणि त्यांच्या बाजूनेंहि बोलण्यासारखें पुष्कळ आहे.) मोटारीच्या दारांत आपण बहुतेक या मुलांसारखेच उभे असतों. आपण 'दोष शोधा' असें म्हणत नाहीं, 'आवाज बंद करा' असें म्हणतों. पांच मिनिटांत आवाज बंद करणारा मिस्त्री आपल्याला हुशार वाटतो. दुसरा अर्धा दिवस घासतो, आणि शेवटीं हातांत देतो काय, तर कागदाची एक गॅस्केट. त्याच्या मजुरीचा आंकडा ऐकतांच आपण गॅस्केटची किंमत विचारतों आणि उरलेल्या रुपयांकडे संशयानें पाहूं लागतों. शोध घेण्याच्या श्रमाला आपल्या हिशेबांत रकानाच नाहीं. वस्तु बदलली तर पैसे. वस्तु न बदलतां दोष गेला तर पैसे कशाचे? याचा परिणाम असा कीं, बरे असलेले भाग उगाच बदलणारा कारागीर पोट भरतो आणि घासून नीट करणारा मागें पडतो. प्रकाशाच्या त्या मिस्त्र्यानें मला हेंहि सांगितलें कीं, 'गाडी दुरुस्त झालेली नाहीं' हें त्याचें वाक्य ऐकून कित्येक गिऱ्हाइकें रागावतात आणि पुढच्या खेपेस, ज्याच्या तोंडांत तें वाक्य नाहीं, अशा माणसाकडे जातात. सत्य बोलल्याबद्दल एवढा दंड ठेवल्यावर तें महाग कां झालें, अशी तक्रार करण्यांत अर्थ नाहीं.

सुशिक्षितांनीं हा दोष गॅरेजपुरता मानूं नये. विद्यार्थ्याला विषय समजला नाहीं हें कळत असून त्याचें उत्तर तेवढें घोटून घेणें, आणि निकाल चांगला लागला म्हणून दोन्ही पक्षांनीं पेढे वांटणें, ही स्लो वाढविण्याचीच रीति आहे. तेथेंहि मागणी पालकांची असते आणि पुरवठा आमचा. घरांतहि पाहावें. कांहीं कुटुंबें कामाच्या, समारंभाच्या, प्रवासाच्या वेगांत असलीं म्हणजे अगदीं सुरळीत चालतात. रविवारीं दुपारीं सर्वजण स्वस्थ बसले कीं ठोके चुकूं लागतात, आणि मग कोणीतरी घाईघाईनें पुढच्या समारंभाचा बेत काढतें.

या मिश्रणाच्या प्रश्नाला अलीकडे एक सार्वजनिक अंगहि फुटलें आहे. पेट्रोलांत इथेनॉल मिसळण्याचें धोरण आपल्या सरकारनें वेगानें अमलांत आणलें. वीस टक्क्यांचें उद्दिष्ट आधीं २०३० सालासाठीं होतें, तें अलीकडे ओढलें गेलें आणि २०२५ मध्यें गांठलें गेलें. इथेनॉलला जळण्यास पेट्रोलपेक्षां कमी हवा पुरते, एका भारास सुमारें ९ भार. म्हणून पूर्वीच्या पेट्रोलवर बरोबर बसविलेल्या कार्ब्युरेटरांतून हें नवें पेट्रोल वाहूं लागलें कीं, स्क्रूला कोणी हात न लावतां मिश्रण पातळ होतें. जुन्या रबरी नळ्या व पडदेहि इथेनॉलनें लवकर खराब होतात. नीति आयोगाच्या २०२१ च्या अहवालानेंच, निराळ्या इंधनासाठीं बनविलेल्या चारचाकी गाड्यांचें मायलेज सहासात टक्क्यांनीं उतरेल असा अंदाज दिला होता. मी या धोरणाच्या विरुद्ध नाहीं. आमच्या शहाद्याजवळ पुरुषोत्तमनगरला साखर कारखाना आहे, आणि गळिताच्या दिवसांत उसाच्या गाड्यांमागें तासभर रखडतांना, या उसाला चार पैसे अधिक मिळणार असतील तर माझ्या कार्ब्युरेटरनें थोडें सोसावें असें मला मनापासून वाटतें. परदेशांतून तेल आणण्यांत जाणारा पैसा वांचावा हेंहि खरें. पण पंपावर पेट्रोल भरतांना 'तुमची गाडी केव्हांची आहे ?' असें कोणी विचारीत नाहीं. येथेंहि मला मिस्त्र्याचा तोच दंडक लावावासा वाटतो. मिश्रण बदलणें हा अपराध नव्हे. ज्याच्या गाडीला तें सोसणार नाहीं त्याला तसें सांगणें हें बदलणाऱ्याचें काम आहे, आणि तें अहवालाच्या पानांत सांगून भागत नाहीं, नळीच्या तोंडाशीं सांगावें लागतें.

नव्या गाड्यांत हा प्रसंगच येत नाहीं असें म्हणतात, आणि तें बव्हंशीं खरें आहे. तेथें धुराच्या नळींत बसविलेला प्राणवायूचा संवेदक क्षणोक्षणीं मिश्रण चाखतो, आणि संगणक पेट्रोल कमीजास्त करतो. कोठें चोरटी हवा शिरूं लागली तर तो मुकाट्यानें पेट्रोल वाढवून तोल सांवरतो. मालकाला थरथर जाणवतहि नाहीं. वरवर पाहतां हा यंत्रांत बसविलेला लबाड मिस्त्रीच झाला. परंतु दोघांत एक मोठा फरक आहे. आपण किती भरपाई करीत आहों याची नोंद तो संगणक ठेवीत असतो. जाणकारानें तार जोडून विचारलें तर ती तो दाखवितो, आणि भरपाई मर्यादेबाहेर जाऊं लागली कीं मालकाच्या डोळ्यांसमोर पिवळा दिवा लावतो. ज्यांनीं तो बनविला त्यांनीं दोष सांवरण्याची परवानगी त्याला दिली, लपविण्याची दिली नाहीं. कित्येक मालक त्या दिव्यावर चिकटपट्टी लावून गाडी हांकतात, असें आमच्या मिस्त्र्यानें मला हंसत हंसत सांगितलें.

ज्यांच्या घरीं अद्यापि कार्ब्युरेटरची गाडी आहे त्यांच्यासाठीं त्यानें दाखविलेली एक परीक्षा येथें देतों. इंजिन चांगलें तापूं द्यावें. मग मिश्रणाचा स्क्रू, किती फेरे फिरला तें मोजीत, हळूहळू मिटवीत न्यावा. पूर्ण मिटण्याच्या सुमारास इंजिन अडखळून बंद पडूं लागलें तर मंदगतीचें पेट्रोल आपल्या योग्य वाटेनें येत आहे. स्क्रू पुरता मिटला तरी इंजिन खुशाल चालत राहिलें, तर पेट्रोल दुसऱ्या वाटेनें येत आहे, म्हणजे झडप अधिक उघडी ठेवलेली आहे, कोणीतरी स्लो वाढविलेला आहे. नंतर मोजलेले फेरे उलट फिरवून स्क्रू होता तेथें आणावा. ही परीक्षा मीं त्याच्याच कामावर त्याच्यासमोर करून पाहिली, तेव्हां तो बाजूला बसून चहा पीत होता. स्क्रू मिटत आला, इंजिन दोनदां कण्हलें आणि थांबलें. "आतां दीड फेरा मागें घ्या," तो बशी खालीं ठेवीत म्हणाला, "आणि जरा ऐका."